शांततेची व्याख्या आणि मराठी वाङ्मयाची साक्ष

१

समाजातील हिंसा, संघर्ष आणि शांतता हा विषय मराठीच्या वर्गात येतो तो बहुधा एखाद्या कलाकृतीचा ‘आशय’ म्हणून. कादंबरीत दंगल असली, नाटकात क्रौर्य असले, कवितेत विद्रोह असला, की आपण हिंसेची चर्चा करतो. तसे काही नसले की विषय संपतो. शांतता म्हणजे काय, हा प्रश्न तर आपण समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र या विभागांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. ही वाटणी प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. आजच्या पालघर जिल्ह्याच्या भूमीतून आलेल्या मराठी लेखनाने शांततेच्या व्याख्येसंबंधी जी साक्ष दिली आहे, ती ज्ञानाचे साधन म्हणून वाचली पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

या विचाराला निमित्त वर्गातलेच आहे. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाला ‘माझ्या गावातील संघर्ष’ या विषयावर टिपण लिहावयास सांगितले होते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील विद्यार्थ्यांनी जमीन, विहिरींचे पाणी, नवी बांधकामे यांविषयी पानेच्या पाने लिहिली. रेल्वेच्या पूर्वेकडील एका पाड्यावरून येणाऱ्या विद्यार्थिनीने मात्र एवढेच लिहिले, की आमच्याकडे भांडणतंटा नाही, सारे शांत आहे. पुढे बोलण्याच्या ओघात तिने सांगितले, की दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो. माणसे वीटभट्ट्यांवर जातात. थोरल्या भावाच्या लग्नासाठी घेतलेली उचल अद्याप फिटलेली नाही. आणि धाकटी बहीण आईवडिलांबरोबर जात असल्याने तिची शाळा दर वर्षी अर्ध्यावर सुटते. हे सांगताना तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पाड्यावर मारामारी नव्हती, पोलीस ठाण्यात नोंद नव्हती. त्या अर्थाने तिचे विधान खरेच होते. मग खोटे काय होते? ‘शांत’ या शब्दाचा जो अर्थ आपण तिला शिकविला होता, तो अपुरा होता.

२

या अपुरेपणाचे शास्त्रीय विवेचन नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग (१९३०–२०२४) यांनी केले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात हिंसेची व्याख्या शारीरिक इजेपुरती ठेवलेली नाही. माणसाला जे साध्य होऊ शकले असते आणि जे प्रत्यक्षात साध्य होते, यांतील टाळता येण्याजोगे अंतर ज्या कारणाने निर्माण होते ती हिंसा, अशी त्यांची मांडणी आहे. त्यांचे उदाहरण क्षयरोगाचे आहे. अठराव्या शतकात क्षयाने मृत्यू आला तर त्याला हिंसा म्हणता येणार नाही. परंतु उपचाराची सारी साधने जगात उपलब्ध असताना आज कोणी क्षयाने मेला तर ती हिंसाच होय. अशा हिंसेत मारणारा हात दिसत नाही. ती रचनेतच असते. म्हणून गाल्टुंग प्रत्यक्ष हिंसेहून संरचनात्मक हिंसा वेगळी काढतात. केवळ प्रत्यक्ष हिंसेचा अभाव म्हणजे नकारात्मक शांतता आणि रचनेतील अन्यायाचाही अभाव म्हणजे सकारात्मक शांतता, असा भेद ते करतात. पुढे १९९० मध्ये त्यांनी सांस्कृतिक हिंसेची संकल्पना जोडली. भाषा, कला, धर्म आणि विद्या यांच्या साह्याने पहिल्या दोन्ही हिंसा स्वाभाविक वा योग्य ठरविल्या जातात, असे तीत अभिप्रेत आहे. भाषा आणि कला हे आपले अभ्यासक्षेत्र असल्याने ही तिसरी संकल्पना मराठीच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

मराठी समीक्षेने हिंसेचा विचार केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विजय तेंडुलकरांनी १९७३ ते १९७५ या काळात नेहरू अभ्यासवृत्ती घेऊन समाजातील वाढत्या हिंसाचाराचा आणि समकालीन रंगभूमीशी असलेल्या त्याच्या संबंधाचा शोध घेतला होता. त्यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या शीर्षकातच शांतता हा शब्द आज्ञा म्हणून येतो, आणि ती आज्ञा एका स्त्रीला गप्प करण्यासाठी वापरली जाते. असे असूनही तेंडुलकरांच्या नाटकांतील हिंसेची आपल्याकडील चर्चा प्रामुख्याने मनुष्यस्वभावातील आदिम क्रौर्य, मध्यमवर्गीय ढोंग, विकृती या अंगांनीच झाली. हिंसा म्हणजे प्रसंग, अथवा हिंसा म्हणजे मनोवृत्ती, हे दोनच मार्ग आपण रूढ केले. रोजची मजुरी, उसनवारी, जमिनीचा खंड यांतून निमूटपणे चालणाऱ्या हिंसेसाठी आपल्या समीक्षेच्या परिभाषेत जागा राहिली नाही.

३

अशा हिंसेचे अत्यंत तपशीलवार चित्रण मराठीत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्या जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत १९४५ मध्ये झालेला वारली शेतमजुरांचा आणि कुळांचा लढा हा त्याचा विषय. (उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला.) परुळेकर तेथे पोहोचल्या तेव्हा सरकारदरबारी हा भाग अशांत नव्हता. जमीनदार, गवताचे व्यापारी, जंगलाचे ठेकेदार यांची कामे बिनबोभाट होत होती. वेठ हा रिवाज होता, त्यामुळे ती कोणाला गुन्हा वाटत नव्हती. ‘लग्नगडी’ हा शब्द या संदर्भात विशेष चिंतनीय आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यावे आणि त्याच्या फेडीसाठी नवरा-बायको दोघांनीही त्याच्याच घरी राबावे, ही ती प्रथा. लग्न हा मंगल शब्द आणि गडी हा राबण्याचा शब्द यांच्या संयोगातून एक संपूर्ण अर्थव्यवस्था बोलते.

लढ्याच्या मागण्या साध्या होत्या: वेठ बंद व्हावी, लग्नगड्यांची सुटका व्हावी, गवतकापणीला ठरलेल्या दराने मजुरी मिळावी. या मागण्या पुढे येताच ‘शांतताभंग’ झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. परुळेकरांच्या कथनानुसार, त्यांच्याच नावे खोटा निरोप पसरवून लोकांना तेथे बोलाविण्यात आले होते. येथे क्रम ध्यानात घ्यावयास हवा. संरचनात्मक हिंसा पिढ्यान्‌पिढ्या चालू होती तेव्हा तिला शांतता म्हटले गेले. तिच्याविरुद्ध संघटित आवाज उठला तेव्हा त्या आवाजालाच अशांतता म्हटले गेले. आणि त्यानंतर प्रत्यक्ष हिंसा शांततेच्या नावाने झाली.

गाल्टुंग यांचा निबंध १९६९ चा आणि परुळेकरांचा ग्रंथ १९७० चा. यावरून ‘आपल्याकडे हे होतेच’ असा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. सिद्धांत आणि साक्ष यांची कार्ये भिन्न आहेत. सिद्धांत रचनेला नाव देतो. ती रचना माणसाच्या भाषेत, भीतीत, लग्नकार्यात, पाय चेपण्यात आणि मान खाली घालण्यात कशी उतरते, हे साक्ष सांगते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या घरची उचलही लग्नाचीच होती. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये आला; त्यानंतरही वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी काम करावे लागले आणि त्यातून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ च्या सुमारास कुपोषणाने बालके दगावली, तेव्हाही तेथे कोणी शस्त्र उचललेले नव्हते.

४

दुसरी साक्ष वसईच्या किनारपट्टीची आहे. वसईचे नाव इतिहासात तहांशी निगडित आहे. १५३४ च्या तहाने ती गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांनी किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन केला, आणि १८०२ च्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचे संरक्षण पत्करले. तह म्हणजे सत्ताधाऱ्यांमधील शांतता. बागायती कसणाऱ्यांची, मासेमारी करणाऱ्यांची शांतता हा वेगळाच प्रश्न, आणि तो विसाव्या शतकाच्या अखेरीस तीव्रतेने पुढे आला. मुंबईच्या विस्ताराबरोबर जमिनीला भाव आला, विहिरींचे पाणी टँकरने वाहू लागले, दहशत वाढली. या काळात हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे नेतृत्व ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी केले.

ज्याच्या नित्य प्रार्थनेत शांतीची याचना आहे अशा धर्मगुरूला संघर्ष का पत्करावा लागला, हा प्रश्न वरवर विरोधाभासाचा वाटतो. तो तसा वाटतो याचे कारण आपण संघर्ष आणि हिंसा हे शब्द जवळजवळ समानार्थी वापरतो. भयाने गप्प बसलेल्या गावाला बोलते करणे हा संघर्ष आहे, आणि तो निःशस्त्र राहिला तर शांततेच्या दिशेनेच जातो. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहापासून ही परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. दिब्रिटोंचे लेखन मात्र आपण ‘ख्रिस्ती मराठी साहित्य’ या कप्प्यात ठेवून अध्यात्म आणि निसर्गप्रेम यांपुरते वाचतो. परुळेकरांचा ग्रंथ ‘आत्मकथनपर’ वा ‘चळवळीचे साहित्य’ या कप्प्यात जातो. दोघांचा जिल्हा एक, दोघांचा प्रश्न जमीन, श्रम आणि भय यांचा. तरीही त्यांना शेजारी ठेवून वाचण्याची सोय आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच असते. दिब्रिटोंची उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा २०१९ मध्ये त्यांच्या धर्मावरून विरोध झाला. मराठी कोणाची, हा प्रश्न त्या विरोधाने विचारला. आपले कप्पे अशा प्रश्नाला नकळत आधार देतात काय, याचे आत्मपरीक्षण अध्यापकांनी करावयास हवे.

५

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. हिंसेची व्याख्या इतकी विस्तृत केली, तर प्रत्यक्ष रक्तपात करणाऱ्यालाही रचनेच्या आड लपता येईल. आक्षेप काल्पनिक नाही. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधूंची आणि त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. परिसरात चोरांविषयीच्या अफवा पसरल्या होत्या. त्या भागातील दारिद्र्य, बाहेरच्या माणसाविषयीचा जुना अविश्वास, टाळेबंदीचे भय ही सारी पार्श्वभूमी अभ्यासकाने मांडावी. तथापि तिने त्या तीन मृत्यूंचे समर्थन होत नाही. कारणमीमांसा आणि क्षमा या भिन्न गोष्टी आहेत. ‘भोळा आदिवासी’ ही प्रतिमा जितकी असत्य आहे, तितकीच त्या घटनेनंतर संपूर्ण समाजाला हिंस्र ठरविणारी प्रतिमाही असत्य आहे. दोन्ही प्रतिमा माणसाची जबाबदारी आणि त्याचे माणूसपण एकाच वेळी नाकारतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर वारली चित्रातील तारपानृत्याचे वर्तुळ लावून आपण निसर्गाशी एकरूप शांत जीवनाची कल्पना करतो. त्या चित्रांच्या मूळ घरांतील माणसे हंगाम संपताच कोठे जातात, हे विचारीत नाही. सांस्कृतिक हिंसा या संज्ञेचा आशय मला येथे सापडतो.

यातून अध्यापनासाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, प्रवाहवार विभागणीबरोबरच प्रदेशाच्या आधारे वाचन व्हावे. परुळेकर, दिब्रिटो आणि नव्याने लिहू लागलेले आदिवासी लेखक यांचा एकत्र अभ्यास एका प्रश्नपत्रिकेत सहज बसेल. दोन, कोणत्याही कलाकृतीबाबत ‘यात हिंसा आहे काय?’ याऐवजी ‘यात शांतता कोणाची आहे आणि तिची किंमत कोण देतो?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. तीन, वारली, कातकरी, वाडवळी, सामवेदी या बोलींत कर्ज, मजुरी, भीती, तडजोड यांसाठी कोणते शब्द आहेत, त्यांचे संकलन विद्यार्थ्यांकडून करवावे. ‘लग्नगडी’ हा एक शब्द इतके सांगत असेल, तर असे आणखी किती शब्द नोंदींवाचून लोपत असतील.

त्या विद्यार्थिनीने पुढे आपल्या लघुप्रबंधासाठी हाच विषय घेतला: वीटभट्टीवरील कामाची आणि उचलीची परिभाषा. तिच्या पहिल्या शब्दयादीत चाळीसहून अधिक शब्द होते. त्यांतील निम्मे मला, मराठीत विद्यावाचस्पती होऊन वसईत इतकी वर्षे शिकवीत असूनही, प्रथमच कळले.