पट्टी शंभर टक्के झाली, तरी पेनड्राइव्ह काढू नका

खर्च वाचवायला जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून फोटो स्टुडिओ किंवा डीटीपीचं दुकान सुरू करताय? माझ्या मते निर्णय योग्य आहे. पण दोन महिन्यांत तक्रार येते, "सर, यात पेनड्राइव्ह फार स्लो चालतो, पट्टी शंभरवर जाऊन अडकते." मग कोणीतरी शहाणा सांगतो, चोरीचं विंडोज टाक. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. आधी बिघाड कुठे आहे ते तर बघा!

लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतो आणि मागून सावकाश पेनड्राइव्हवर लिहितो. मूळ सेटिंगमध्ये मोकळ्या रॅमच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत डेटा असा वाटेत राहू शकतो. ८ जीबी रॅम असेल तर जीबीभर सहज. पट्टी बऱ्याचदा रॅमपर्यंतचीच कॉपी दाखवते. म्हणजे माल टेम्पोत चढलाय, गिऱ्हाइकाच्या दारात उतरलेला नाही. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपटून हातात दिला, की लग्नातले शेवटचे फोटो उघडत नाहीत. आणि तुम्ही कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करून बसलेला असता. सप्तपदी परत घ्यायला सांगणार का नवरा-नवरीला?

म्हणून इजेक्ट करा आणि काढायला हरकत नाही असा मेसेज येईपर्यंत थांबा. नाहीतर टर्मिनलमध्ये 'सिंक' कमांड द्या. ती संपेपर्यंत हात लावायचा नाही.

आता स्पीड. 'एलएसयूएसबी' कमांड 'डॅश टी' लावून चालवा (स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे). तुमच्या ड्राइव्हसमोर ४८० दिसतंय की ५०००? ४८० म्हणजे यूएसबी २. हा आकडा मेगाबिटचा आहे, आठने भागा. कागदावर ६० एमबी, हातात पडतात ३०-४०. ड्राइव्ह ३.० चा असून ४८० दिसत असेल तर पोर्ट, केबल नाहीतर मधला हब तपासा. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात थेट लावून बघा, फुकटचा उपाय आहे.

५००० दिसूनही स्लो? मग पेनड्राइव्हच स्वस्तातला असणार. काही पेनड्राइव्ह लिहिताना सेकंदाला जेमतेम ८ एमबी देतात. त्या हिशोबाने ६४ जीबी भरायला सव्वादोन तास लागतात. इथे विंडोज असो की लिनक्स, काही फरक पडत नाही. "दहा मिनिटांत देतो" असं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी हा गुणाकार करा ना! शिवाय हजारो छोट्या फाइल एक-एक करून टाकण्यापेक्षा झिप करून एकच फाइल टाकली तर वेळ वाचतो. फक्त एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅट करून घ्या.

मध्येच तुटतंय? 'डीमेसेज' बघा. पुन्हा पुन्हा 'रीसेट' लिहून येत असेल तर माझा पहिला संशय केबलवर, दुसरा वीजपुरवठ्यावर. पोर्टेबल हार्ड डिस्क बिनअडॅप्टरच्या हबवर चालवणं बंद करा.

रस्त्यावर घेतलेले मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह नकली निघू शकतात. वर १२८ लिहिलेलं, आत १६. 'एफ३' नावाचं मोफत टूल पूर्ण ड्राइव्ह भरून, परत वाचून खरं काय ते सांगतं. फक्त रिकाम्या ड्राइव्हवर चालवा. नवीन लॉट आला की मी आधी हेच करायला लावतो.

आणि तपासताना एक लक्षात ठेवा. कॉपी झाल्या झाल्या फाइल उघडून बघितली तर ती रॅममधूनच उघडू शकते. इजेक्ट करा, बाहेर काढा, परत लावा, मग शेवटचे चार-पाच फोटो उघडा. कार्ड फॉरमॅट त्यानंतर.