सरासरीच्या पावसात कोण भिजतो?

बँकेच्या व्यवहारात सरासरी शिल्लक नावाचा एक प्रकार असतो. महिन्यातल्या एका दिवशी खात्यात नव्वद हजार आले आणि उरलेले एकोणतीस दिवस खाते रिकामे राहिले, तरी सरासरी तीन हजार भरते. कागदावर खातेदाराचे सारे ठीक दिसते; दहा तारखेला दुधाचे बिल द्यायला मात्र त्याच्याकडे दमडी नसते. आपण पावसाचा हिशेब बराचसा असाच मांडतो.

एप्रिलच्या मध्याला हवामान विभागाचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज येतो. देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण. दुसऱ्या दिवशी मथळे झळकतात. धरणांचे, धान्यसाठ्यांचे, महागाईचे गणित मांडणाऱ्यांना तो आकडा हवाच असतो. पण ज्याचे नाव पुढे करून तो सांगितला जातो, त्या शेतकऱ्याने त्याचे काय करायचे?

२०२५ सालचेच पाहा. एप्रिलमध्ये अंदाज सांगितला १०५ टक्क्यांचा, पाऊस झाला १०८ टक्के. शास्त्रज्ञांना पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. २००२ साली १०१ टक्के सांगून ८१ टक्केच पडला होता आणि जुलै महिना तर देशभर जवळजवळ अर्धा कोरडा गेला होता. त्या फजितीतून धडा घेऊन पद्धती बदलल्या, संगणक वाढले, अंदाज सुधारले. हे मोकळ्या मनाने मान्य करू या.

पण त्याच २०२५ मध्ये शेतावर काय घडले? पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत येऊन थडकला. इतक्या लवकर मुंबईत आल्याची नोंद नव्हती. मग त्याने जूनच्या मध्यापर्यंत पुढची वाटचाल थांबवली. पेरणीची घाई करू नका, असे शेतीखात्याला सांगत फिरावे लागले. आणि सप्टेंबरात मराठवाड्यात असा कोसळला, की धाराशिव, बीडकडच्या शिवारांतून उभ्या पिकासकट मातीही वाहून गेली. अंदाज खरा ठरला आणि संसारही बुडाले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी खऱ्या होत्या.

मराठवाड्यातल्या एका शाखेत असताना माझ्याकडे पाऊस मोजण्याचे एक साधन होते. सोनेतारणाचे रजिस्टर. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची पाने भराभर भरू लागली, की समजावे, पावसाने खंड दिला, दुबार पेरणी आली. पीककर्ज पहिल्या पेरणीतच मातीत गेलेले असे. दुसऱ्यांदा बियाण्याची पिशवी आणायची तर घरधनिणीच्या कानांतले, गळ्यातले काउंटरवर येई. नवे कर्ज द्यायला नियम नव्हता आणि सोने ठेवून घ्यायला मात्र होता. एक वयस्कर शेतकरी त्या दिवसांत म्हणाले होते, “साहेब, रेडिओ म्हणतो तुरळक ठिकाणी पाऊस. माझं रान त्या तुरळकात येतं का, एवढंच बघून सांगा.” मी म्हटले, “आप्पा, ते सांगता आलं असतं तर मी इथं कशाला बसलो असतो?” आम्ही दोघेही हसलो. त्यांच्या हातातल्या पुडीत मणी-मंगळसूत्राच्या वाट्या होत्या.

आप्पांचा प्रश्न आता अधिक टोकदार झाला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे महिनाभराचा पाऊस चार दिवसांत पडून जायचा धोका वाढला. सरासरी बिचारी जागेवरच असते, वाफसा मात्र मिळत नाही. मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रे आजोबांच्या अनुभवाची खतावणी होती. त्या खतावणीतली जुनी येणी आता वसूल होत नाहीत.

काहीच होत नाही, असे नाही. राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. २०२५ च्या खरिपात केंद्र सरकारने पाऊस कधी पोचेल याचे अंदाज सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवले, मधल्या विश्रांतीची सूचनाही दिली. ही मोठी झेप आहे. पण मोबाइलवरच्या संदेशाला उलटा प्रश्न विचारता येत नाही. असा प्रश्न विचारायला जिल्ह्याजिल्ह्यांच्या कृषी विज्ञान केंद्रांत हवामान सल्ल्याची माणसे नेमली होती. २०२४ मध्ये ती केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला. यंत्रे ठेवायची आणि माणसे काढायची, हा हिशेब मला बँकेतही कधी पटला नाही.

बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीचे भाकीत ऐकायला आजही गर्दी होते. त्याला शास्त्रीय आधार नाही. पण गर्दी का होते, हे शास्त्रज्ञांनी जरूर पाहावे. तिथे समोर उभा असलेला माणूस कपाशी, ज्वारी, तूर अशी पीकवार भाषा बोलतो. टक्के सांगत नाही. भाकितापेक्षा त्या बोलण्याची रीत घेण्यासारखी आहे.

म्हणून माझे म्हणणे असे : अंदाज किती टक्के बरोबर आला यावर समाधान मानण्याऐवजी त्याने कोणता निर्णय सोपा केला, हे विचारू या. ‘येत्या दहा दिवसांत खंड पडण्याची शक्यता दहांत सात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाल्याखेरीज पेरू नका’ असे सांगितले, तर शेतकरी जोखीम समजून घेतो. तो आयुष्यभर तेच करत आला आहे. मंडळातल्या प्रत्येक गावाच्या चावडीवर दोन रकाने लिहावेत : काय सांगितले आणि किती पडले. चुकलेला अंदाजही उघडपणे लिहिला, तर विश्वास वाढतोच.

आणि बँकांनीही आपला वाटा उचलावा. थांबण्याचा सल्ला ज्याला परवडतो, त्यालाच तो उपयोगी पडतो. पीककर्जाचा एक हिस्सा दुबार पेरणीसाठी राखून ठेवावा, आणि मंडळातल्या केंद्राने पावसाचा खंड नोंदवला की नवा कागद, नवा हेलपाटा न करायला लावता तो खात्यात जमा करावा. पर्जन्यमापकाची नोंद तारण म्हणून पुरेशी मानावी. मग जुलैत सोनेतारणाचे रजिस्टर कोरे राहील. मोसमी अंदाज खरा ठरल्याची तेवढी एक खूण मला पुरे आहे.