जिद्दीला बैठक हवी

पॅरिस येथे ६ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरालिंपिक स्पर्धेत भारताच्या होकातो होतोझे सेमा यांनी ४ किलोग्रॅम वजनाचा गोळा १४.६५ मीटर दूर फेकून कांस्यपदक मिळवले. ही फेक त्यांनी बसून केली. २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सैनिक म्हणून कामगिरीवर असताना भूसुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता.

असे यश कानी आले की आपण 'केवढी ही जिद्द!' असे म्हणतो आणि मोकळे होतो. जिद्द होतीच, पण एवढ्यावर थांबणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. पाय गेला २००२ मध्ये. गोळा हाती आला २०१६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी. पुण्यातील लष्कराच्या कृत्रिम अवयव केंद्रातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने हा खेळ सुचवला, तेव्हा. म्हणजे जिद्दीच्या जोडीला सुचवणारे माणूस हवे, शिकवणारा हवा आणि साधनही हवे.

ते साधन कसे असते? उभा खेळाडू पायांनी जमिनीला रेटा देतो. जमीन त्याला उलट रेटते, आणि तो जोर कंबर, खांदा, हात असा चढत गोळ्यापर्यंत पोहोचतो. बसलेल्या खेळाडूला पायांची ही मदत फार थोडी मिळते. म्हणून त्याची बैठक जमिनीला घट्ट जखडतात. नाहीतर गोळा पुढे जाताना बैठकच मागे सरकेल! तिची उंची ७५ सेंटिमीटरहून अधिक चालत नाही, कारण उंचावरून सुटलेला गोळा दूर जातो. शिवाय सारख्या क्षमतेच्या खेळाडूंचे गट पाडतात. सेमा यांचा गट 'एफ-५७'. गोळा १.६ मीटर उंचीवरून सुटला असे धरले, तर १४.६५ मीटर जाण्यासाठी त्याला ताशी सुमारे ४० किलोमीटर वेग लागतो. वर्गात हिशेब करून पाहा.

खेळच शरीराला जुळवून घेण्याची ही कल्पना जुनी आहे. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी चाकांच्या खुर्चीतील १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचा उगम तेथे आहे.

आता आपल्या शाळेकडे वळू. खेळाच्या तासाला पायाने अधू असलेल्या मुलाला आपण काय देतो? बहुधा गुण मांडायची वही, नाहीतर इतरांच्या चपला सांभाळायचे काम. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो, पण विचारही नसतो. काही शिक्षक म्हणतील, 'पैसा कुठून आणायचा? मुलाला इजा झाली तर?' शंका रास्त आहे. डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. परंतु खुंट्यांनी जमिनीत पक्के रोवलेले लोखंडी स्टूल, एक पट्टा, हलका गोळा आणि मोजपट्टी एवढ्यावर आरंभ करता येतो. गावचा लोहारही हे स्टूल करून देईल.

विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या क्रीडामहोत्सवात बसून गोळाफेकीची एक स्पर्धा ठेवा, आणि तीत धडधाकट मुलांनीही बसूनच गोळा फेकावा. पायांवाचून फेक किती कमी पडते ते मोजा. मग वही धरून बसलेल्या मित्राच्या हाती गोळा द्या, आणि वही तुम्ही धरा.