वाळूवरची चूल

'दर्जेदार पर्यटक' हा शब्द गेली काही वर्षं गोव्याच्या राज्यकर्त्यांच्या तोंडी बसला आहे, आणि कोकणातही तो हळूहळू रुळतो आहे. शब्द साळसूद आहे. पण दर्जेदार कोण हे सांगण्याऐवजी दर्जेदार कोण नाही हे सांगितलं जातं, तेव्हा त्याचा अर्थ कळतो. जो गाडी ठरवून गावाकडून येतो, खोली घेत नाही, सोबत शेगडी आणि पिठाची पिशवी आणतो, तो दर्जेदार नाही. २०१८ साली गोव्याच्या एका मंत्र्यांनी देशी पर्यटकांविषयी बोलताना 'गाळ' या अर्थाचा इंग्रजी शब्द जाहीर कार्यक्रमात वापरला. पुढच्याच वर्षी पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. उघड्यावर स्वयंपाक केला किंवा दारू प्यायली तर एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड, असं तेव्हा ठरलं. दारूची बाटली फोडणारा आणि पिठलं ढवळणारी बाई एकाच रांगेत उभे केले गेले.

ही बाई आमच्याकडची आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्याची म्हणा, कळंबची म्हणा, भूमची म्हणा. तेरखेडा हे फटाक्यांचं गाव. तिथं दिवाळी ही सुट्टी नसते, हंगाम असतो. फिरायला जायचं ते दिवाळी उरकल्यावर. इथून समुद्र रात्रभराच्या रस्त्यावर आहे. क्रूझरमध्ये दहा-बारा माणसं, धपाट्यांची चळत, शेंगदाण्याची चटणी, पाच किलोचा सिलिंडर आणि मागच्या सीटवर पहिल्यांदाच समुद्र बघणारी आजी. ही सहल हॉटेलात राहून करायची ठरली तर आजी घरी राहील, दोन लेकरं घरी राहतील, आणि शेवटी बहुधा सगळेच घरी राहतील.

शिवाय असं फिरणं आम्ही समुद्रासाठी शोधून काढलेलं नाही. तेरखेड्याजवळच येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्रातली यात्रा भरते. माणसं शिधा घेऊन येतात, तीन दगड मांडतात, नैवेद्य करतात, शेजारच्या चुलीवरच्या अनोळखी माणसालाही 'जेवायला बसा' म्हणतात. तुळजापूर, पंढरपूर, कुठंही जा, हीच रीत. मराठवाड्याच्या माणसाला प्रवास माहीत आहे तो असा. चूल मांडणं हा त्याच्या लेखी असभ्यपणा नाही. त्याचं घर काही काळ तिथं आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो समुद्राकडे यात्रेकरू म्हणून येतो आणि तिथं त्याला अडाणी पर्यटक म्हणून मोजलं जातं.

आता याच माणसाचं दुसरं रूप पाहा. आमच्या भागातले बी-बियाणं आणि खतांचे दुकानदार विक्रीचं लक्ष्य गाठलं की कंपनीच्या खर्चानं थायलंडला जातात. नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडनं भारतीयांसाठी व्हिसा माफ केला, आणि २०२४ साली वीस लाखांहून जास्त भारतीय तिथं गेले. फुकेटला हाच माणूस विमानतळावर गळ्यात फुलं घालून घेतो. पाटोंगचा किनारा, मोठा बुद्ध, सूर्यास्ताचं टोक, फी फी बेटांची बोट, सगळं यादीप्रमाणे उरकतो. मोठ्यानं बोलतो, हातानं जेवतो, पिशवीतून चिवडाही काढतो. तिथं त्याला कोणी गाळ म्हणत नाही. माणूस तोच, सवयी त्याच. फरक एवढाच की तिथं त्याचं बिल कोणीतरी आधीच भरलेलं असतं. म्हणजे दर्जा वागण्याचा नव्हता, पाकिटाचा होता.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'पण कचरा?'

कचऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि गोंयकाराचा राग खोटा नाही. २०११च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या आत लोकवस्ती असलेल्या राज्यात वर्षाला सुमारे एक कोटी माणसं येऊन जात असतील, तर पाणी, रस्ते, शांतता सगळ्यावरच ताण येणार. पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, वाळूतल्या काचा याचं समर्थन कोणीही करू नये. जो घाण करील त्याला जरूर दंड करा. पण दंड घाणीला करा, चुलीला नको. भांडी घासून, राख गोळा करून निघालेलं कुटुंब आणि बाटल्या फेकून निघालेलं टोळकं यांत ज्या कायद्याला फरक दिसत नाही, त्याला स्वच्छता नको आहे. त्याला फक्त विशिष्ट माणसं नजरेआड हवी आहेत.

आणि समुद्राची खरी नासाडी कोण करतं, हे त्या बेटांनीच दाखवून दिलं आहे. फी फीमधली माया बे ही खाडी २००० साली एका हॉलिवूड चित्रपटामुळे जगभर गाजली. मग रोज हजारो माणसं स्पीडबोटीनं येऊ लागली. नांगरांनी आणि गर्दीनं प्रवाळाची एवढी हानी झाली की २०१८ साली थायलंडला ती खाडी बंद करावी लागली. ती पुन्हा उघडली २०२२च्या जानेवारीत, बोटींना आत यायची बंदी घालून. त्याच २०१८ साली फिलिपिन्सनं बोराकाय हे आख्खं बेट सहा महिने बंद ठेवलं, कारण तिथल्या हॉटेलांचं आणि धंद्यांचं सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. या दोन्ही ठिकाणी कोणी शेगडी घेऊन आलं नव्हतं. सगळे तिकीट काढून, खोली घेऊन आले होते. अगदी दर्जेदार.

फुकेटकडून शिकायचंच असेल तर आणखी एक गोष्ट शिकावी. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या यामू किनाऱ्यावर एक स्थानिक डॉक्टर बाई एका आलिशान बंगल्याच्या पायऱ्यांवर बसली होती. बंगल्यात राहणाऱ्या परदेशी माणसानं आपल्याला लाथ मारली, अशी तिनं तक्रार केली. त्यानंतर शेकडो फुकेटकर त्या किनाऱ्यावर जाऊन बसले. किनारा सगळ्यांचा आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. मोजणी झाली, त्या पायऱ्या सार्वजनिक जागेत असल्याचं निघालं आणि त्या पाडल्या गेल्या. पर्यटकांवर जगणाऱ्या बेटानंही एक रेघ ओढली: पैसा मोजला म्हणून वाळू विकत मिळत नाही.

आपल्याकडे उलटं चाललं आहे. २०२० साली महाराष्ट्रानं गुहागर, तारकर्ली, दिवेआगर अशा आठ किनाऱ्यांसाठी शॅकचं धोरण आणलं. स्थानिकांना रोजगार मिळत असेल तर त्याला विरोध नाही. पण शॅकमध्ये बसायला पैसे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याच्यासाठी किनाऱ्यावर काय आहे? बहुतेक ठिकाणी धड संडास नाही, बाईला ओले कपडे बदलायला आडोसा नाही, प्यायच्या पाण्याचा नळ नाही. जीवरक्षकाचीही तीच गत. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले चौदा विद्यार्थी बुडाले. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला भरती-ओहोटी कळत नाही, हे काही गुपित नाही. त्याला हसून किंवा पाटी लावून तो वाचत नाही.

मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या किनाऱ्यामागे, वाळूपासून दूर, एक छपरी बांधा: ओटे, नळ, भांडी घासायची जागा, कचऱ्याचे डबे, संडास. वीस-तीस रुपये घ्या, लोक आनंदानं देतील. यात्रेच्या गावांना हे शतकानुशतकं जमलं आहे. लाखो रुपयांची सुशोभीकरणाची कामं काढणाऱ्यांना ते का जमू नये?

राहिला प्रश्न आमचा आणि समुद्राचा संबंध काय, हा. आमच्याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जातं. बिनरस्त्याच्या मुलखातून त्या गाड्या हाकणारी माणसं वाटेत जेवत असतीलच. ती कुठल्या हॉटेलात उतरली होती, असं काही पेरिप्लसच्या लेखकानं विचारलेलं नाही. त्यानं त्यांचा माल नोंदवला. आम्हाला आज तेवढाही मान नको. समुद्राच्या काठी बसून भाकरी खायला जागा असावी, एवढंच.