अर्धेली, सावड आणि कंपन्यांची ‘भागीदारी’

शेतीमालाच्या आणि शेती-निविष्ठांच्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल हा साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा गद्यप्रकार आहे, हे आमचे म्हणणे अनेकांना विक्षिप्त वाटेल. ते अहवाल कृषितज्ज्ञांनी आणि भागधारकांनी पाहावेत, आपण आपल्या कविता-कादंबऱ्या सांभाळाव्यात, अशी सोयीस्कर वाटणी आपल्याकडे होऊन गेलेली आहे. ती आम्हांस मान्य नाही. ज्या मजकुरातून कर्ता गाळलेला असतो आणि एकेका नामाखाली शंभर वर्षांचा इतिहास दडपलेला असतो, तो मजकूर वाचण्याचे शिक्षण कृषी विद्यापीठात नव्हे, भाषेच्या वर्गातच मिळते.

गेल्या काही वर्षांत या अहवालांत तीन शब्द हटकून एकत्र येऊ लागले आहेत : ‘रीजनरेटिव्ह’ शेती, ‘इनोव्हेशन’ आणि ‘पार्टनरशिप’. नांगरणी कमी करावी किंवा थांबवावी, जमीन उघडी ठेवू नये, पिकांची फेरपालट करावी, जनावरे आणि पिके यांची सांगड घालावी आणि या सर्वांतून जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवावा, असा त्या पहिल्या शब्दाचा ढोबळ अर्थ. या अर्थाशी आमचे भांडण नाही. माती खंगली आहे आणि ती सावरली पाहिजे, हे सांगायला कोणा विद्वानाची गरज नाही. आमचे भांडण उरलेल्या दोन शब्दांशी आहे. ज्यांच्याकडून ज्ञान आले त्यांची नावे गाळायची, तोटा मात्र त्यांच्याकडेच ठेवायचा, आणि या व्यवहाराला नवोन्मेष व भागीदारी अशी नावे द्यायची, हा शब्दांचा अपहार आहे.

मराठीत त्या पहिल्या शब्दाचे काय करावे हे अजून ठरलेले नाही. कोणी ‘पुनरुत्पादक शेती’ म्हणतो (हे वाचून प्रसूतिगृहच डोळ्यांपुढे येते), कोणी ‘पुनरुज्जीवक’, कोणी ‘पुनर्निर्माणक्षम’. गंमत अशी, की यातला निम्मा विचार ज्यात मावतो असा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी पूर्वीपासून आहे : बेवड. आधीच्या पिकाने जमिनीला काय दिले किंवा तिच्याकडून काय नेले, आणि त्यामुळे पुढचे पीक कसे येईल, हा सगळा हिशेब त्या तीन अक्षरांत असतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे म्हणणारा माणूस नत्राच्या स्थिरीकरणाविषयीच बोलत असतो. पण बेवड हा शब्द कंपनीच्या मराठी पत्रकात शोधून सापडत नाही. तिथे ‘शाश्वत पीकपद्धतींचा अवलंब करण्यात येतो’. कोण करतो, हे वाक्यात नसते.

आता त्या गाळलेल्या नावांकडे वळू. ‘रीजनरेटिव्ह’ हे विशेषण शेतीला लावून रूढ केले ते अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या रॉबर्ट रोडेल यांनी, १९८०च्या दशकात. त्यांचे वडील जे. आय. रोडेल हे सेंद्रिय शेतीचे तिकडचे आद्य प्रचारक, आणि त्यांची प्रेरणा होती अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखनात. हॉवर्ड १९०५ मध्ये भारतात आले ते इथल्या शेतीला सुधारण्यासाठी. पुढे त्यांनी इथल्या शेतकऱ्याला आणि पिकांवरच्या किडींना आपले प्राध्यापक म्हटले. १९२४ पासून १९३१ पर्यंत ते होळकरांच्या इंदुरात होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक दिवसांनी उलथून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ तिथे आकाराला आली. तिच्यामागे चिनी शेतकऱ्यांचा शतकानुशतकांचा अनुभव होता, तो हॉवर्ड यांनी मान्य केला.

या पद्धतीचे पहिले सविस्तर पुस्तक १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढले. त्याच्या मुखपृष्ठावर दोन लेखक आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे दुसरे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड हे आद्य पुरुष झाले आणि वाड तळटिपेतही क्वचितच उरले. साम्राज्याच्या नोकरीतल्या एका साहेबाने आपल्या सहकाऱ्याचे नाव आपल्या नावाशेजारी छापले, एवढी सभ्यता तरी त्या काळी होती. आजच्या अहवालांत तीही नाही. इंदुराहून पेन्सिल्व्हेनिया आणि पेन्सिल्व्हेनियाहून बहुराष्ट्रीय कंपन्यांची मुख्यालये, असा प्रवास करून तेच ज्ञान आपल्याकडे ‘नवोन्मेष’ म्हणून परत येते. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात असे केले, तर त्याला आपण काय म्हणतो ते येथे लिहिण्याची गरज नाही.

कंपन्या काहीच करीत नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. जनरल मिल्सने २०१९ मध्ये दहा लाख एकरांचा संकल्प सोडला. पेप्सिकोने २०२१ मध्ये सत्तर लाख एकर म्हटले आणि २०२५ मध्ये तो आकडा एक कोटीवर नेला. प्रमुख कच्च्या मालापैकी निम्मा माल २०३० पर्यंत अशा शेतीतून घेऊ, असे नेस्लेने जाहीर केले. हा सगळा केवळ देखावा नव्हे. आच्छादन पिकांचे बियाणे, न नांगरता पेरणारी यंत्रे, सल्लागार यांवर खरा पैसा खर्च होतो, आणि नांगर थांबल्याने धूप कमी होते हे खरेच आहे. मात्र या उत्साहाचे कारणही वाचकाने समजून घ्यावे. खाद्य कंपनीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या उत्सर्जनाचा मोठा भाग तिच्या कारखान्यात नव्हे, तिला माल पुरवणाऱ्यांच्या शेतात होतो. तो आकडा खाली आणायचा, तर शेतकऱ्याच्या बांधावर जाण्यावाचून तिला गत्यंतर नाही. म्हणजे गरज कंपनीची आहे. पत्रकात मात्र ती शेतकऱ्याला ‘सक्षम’ करीत असते.

निविष्ठा विकणाऱ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. २०१८ मध्ये मोन्सँटो विकत घेणाऱ्या बायरने २०२० मध्ये अमेरिका आणि ब्राझीलमध्ये शेतकऱ्यांसाठी कर्ब-योजना सुरू केली. नांगरणी सोडा, कर्ब साठवा, मोबदला घ्या, असा तिचा आशय. नांगरणी सोडली की तण माजते, तणासाठी ग्लायफोसेट लागते आणि ग्लायफोसेट सोसणारे बियाणे लागते. ही दोन्ही विकणारी कंपनी तीच. येथे आम्ही सोवळे नेसून बसलेलो नाही. रायगड जिल्ह्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणीविना, गादीवाफ्यावर आणि मुळे जमिनीतच ठेवून भात पिकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातही तणनाशक आहे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीविना शेतीविषयी मराठीत भरपूर लिहिले, तेही तणनाशकाला अस्पृश्य मानीत नाहीत. फरक इतकाच की या दोघांनी प्रयोग स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या जोखमीवर केले, आणि जे कळले ते मराठीत सर्वांसमोर मांडले. नवोन्मेष हा शब्द वापरायचाच असेल, तर तो येथे शोभतो.

राहिली भागीदारी. या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ‘गावगाडा’ चाळणाऱ्याला कळेल, की गावच्या देण्याघेण्याच्या प्रत्येक छटेला आपल्याकडे वेगळा शब्द होता. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात, ही सावड. एकाच्या कामाला सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचे आणि त्याने जेवण घालायचे, ती इर्जिक. पिकेल त्याचे निम्मे तुझे, निम्मे माझे, ही अर्धेली. आणि पिको वा न पिको, ठरलेली रक्कम मोजायची, तो खंड. अर्धेलीत शोषण नव्हते असे कोण म्हणेल? पुष्कळच होते. पण पीक बुडाले तर मालकाचा वाटाही बुडे, एवढे तरी तीत होते.

कंपनीची भागीदारी यांपैकी कोणती? नांगरणी सोडल्यावर पहिली काही वर्षे उत्पन्न घटू शकते. ती घट कोण सोसतो? कर्ब-योजनांत मोबदला मिळतो तो साठलेल्या कर्बावर, तोही मोजणी आणि पडताळणी झाल्यानंतर. मोजणीचाही घोळ आहे : नांगर थांबवल्याने वरच्या थरातला कर्ब वाढलेला दिसतो, खोलवर मोजल्यास ती वाढ पुष्कळदा विरून जाते. त्यात आणखी ‘अतिरिक्तता’ नावाची अट. योजनेमुळे जे नवे घडले त्याचेच पैसे. ज्याने बापजाद्यांपासून बेवड सांभाळला, बांधावरची झाडे राखली, शेणखत टाकले, त्याने नवे काहीच केले नाही, म्हणून त्याला काही नाही. ज्याने जमीन नासवली आणि आता सुधारतो म्हणाला, तो पात्र! हिशेबाच्या दृष्टीने ही अट बिनचूक आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा व्यवहार हिशेबाचा आहे असे सांगावे. तीत सावडही नाही आणि अर्धेलीही नाही.

भागीदारीचे खरे स्वरूप भांडणात कळते. २०१९ च्या एप्रिलमध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातील चार बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोने अहमदाबादच्या न्यायालयात दावे लावले. चिप्ससाठी नोंदवलेला आपला एफसी-५ हा वाण त्यांनी परवानगीविना लावला, ही तक्रार. मागणी प्रत्येकाकडून एक कोटीहून अधिक रुपयांची. देशभर गदारोळ झाला आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ हा शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क देतो. फक्त ब्रँड लावून ते विकता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो निर्णय उचलून धरला, आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो फिरवून कंपनीच्या बाजूने कौल दिला. कायदेशीर बरेवाईट न्यायालयाने पाहिले. आम्ही फक्त दोन मजकूर शेजारी ठेवतो : सत्तर लाख एकरांची, शेतकऱ्यांच्या सहभागाची घोषणा २०२१ च्या एप्रिलमधली; आणि त्याच वर्षी तीच कंपनी एका बटाट्याच्या बियाण्यावरचा आपला हक्क राखण्यासाठी प्राधिकरणापुढे उभी होती. घोषणेतल्या शेतकऱ्याला नाव नाही, दाव्यातल्या शेतकऱ्याला नाव, गाव आणि गट क्रमांक आहे.

यावर नेहमीचा प्रश्न येतो : कंपन्यांनी नाही तर कोणी करायचे? सरकारने, असे उत्तर जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दिले होते. पावसाबरोबर माती, पालापाचोळा, मेलेल्या किड्यामुंग्यांचे सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून फौजेतील आणि पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ताली-बंधारे घालून घ्या, असे ते सरकारास सुनावतात. हे केवळ स्वप्न नाही, याला आजचाही दाखला आहे. आंध्र प्रदेशात २०१६ पासून राज्य सरकारच्या पुढाकाराने, महिला बचत गटांच्या जाळ्यातून, नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम लाखो शेतकऱ्यांपर्यंत गेला. तिथे शिकवणारे स्वतः शेतकरी आहेत. त्या कार्यक्रमातही बाहेरचा पैसा आहे, त्याच्या उत्पन्नाच्या दाव्यांवर वाद आहेत, ते असावेतही. पण शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे तिथे वाक्यातून गाळलेले नाही.

तेव्हा कंपन्यांनी भागीदारी जरूर करावी. करारनामा मराठीत असावा, आणि तो ज्याला सही करायची त्याला वाचता येईल अशा मराठीत. पहिल्या वर्षांत उत्पन्न घटले तर घटीचा किती वाटा कंपनीचा, हे त्यात आकड्याने लिहिलेले असावे. आधीपासून जमीन राखणाऱ्याला काय मिळेल, तेही असावे. आणि अहवालाच्या शेवटी छायाचित्रात जो माणूस मुठीत माती धरून हसत असतो, त्याचे नाव त्याच्या संमतीने खाली छापावे. असा करारनामा ज्या कंपनीने केला असेल तिने तो खुशाल आमच्याकडे धाडावा. आम्ही तो वर्गात, ओळीओळीने वाचू.