जुन्या गाडीतले ‘निरुपयोगी’ भाग काढताय? आधी हे वाचा



मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड या नेहमीच्या विषयांमधून आज थोडं बाहेर पडू या. आज बोलायचं आहे एका जुन्या स्पोर्ट्‌स कारबद्दल. डॉक्टरचा गाडीशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण खाली दिलेला फोन मला आला नसता, तर मीही हा लेख लिहिला नसता.

माझा भाचा अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो. इंजिनिअर आहे, गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. त्याने १९८४ सालची माझदा आरएक्स-७ विकत घेतली. दोन माणसांची, बसकी, रोटरी इंजिनची गाडी. दर शनिवार-रविवार तो घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तिच्याखाली झोपलेला असतो.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याचा फोन आला. “मामा, घरात सगळ्यांना व्हायरल झालंय. माझं डोकं दुखतंय, हिला मळमळतंय, छोट्याने दोनदा उलटी केली. काय देऊ?”

मी विचारलं, “ताप?” नाही. “सर्दी, खोकला, घसा?” तेही नाही. “कधीपासून?” कालपासून. “मागच्या आठवड्यात असं झालं होतं का?” मागच्या शनिवार-रविवारीही थोडं झालं होतं. सोमवारी ऑफिस आणि शाळा सुरू झाली आणि बरं वाटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात घंटा वाजली. “अरे, काल काय करत होतास?” “गाडीचं ट्यूनिंग. इंजिन चालू ठेवून. गेल्या महिन्यात कन्व्हर्टर आणि एअर पंप काढून टाकले ना, तेव्हापासून आयडलिंग नीट बसत नाही. आणि मामा, ऑक्सिमीटर लावला होता. तिघांचंही ९८ आहे.”

मी एवढंच म्हणालो, “९८ विसर. तिघंही आत्ताच्या आत्ता घराबाहेर जा आणि ९११ ला फोन कर.”

अग्निशमन दलाने घरातली हवा तपासली. कार्बन मोनॉक्साइड निघाला. तिघांनाही हॉस्पिटलमध्ये काही तास ऑक्सिजन द्यावा लागला. रक्तातलं प्रमाण मुलाचं सर्वांत जास्त होतं, कारण त्याची खोली बरोबर गॅरेजच्या वर आहे. आता तिघंही ठणठणीत आहेत. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता, पण त्याची बॅटरी संपलेली होती.

हे इंजिन वेगळं का?

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. रोटरी इंजिनात, म्हणजे जर्मनीच्या फेलिक्स व्हांकेल यांच्या कल्पनेतून आलेल्या इंजिनात, त्रिकोणी आकाराचा रोटर एका लांबट पोकळीत गोल फिरतो. इंजिन छोटं, हलकं आणि अतिशय मऊ चालणारं. १९६७ मध्ये माझदाने कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी आणली आणि १९७८ मध्ये आरएक्स-७. अशा गाडीच्या प्रेमात कोणी पडलं, तर मला नवल वाटत नाही.

पण या इंजिनाचे दोन जन्मजात दोष आहेत. पहिला म्हणजे त्याची जळणाची पोकळी लांबट आणि चपटी असते. कडेच्या थंड भिंतींजवळ ज्योत विझते आणि पेट्रोल अर्धवट जळून बाहेर पडतं. दुसरा, रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून इंजिनात मुद्दाम थोडं थोडं तेल सोडलं जातं आणि तेही जळतं. त्यामुळे रोटरीच्या धुरात न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त असतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र तुलनेने कमी असतात.

कंपनीला हे माहीत होतं. अमेरिकेत विकलेल्या सुरुवातीच्या आरएक्स-७ मध्ये थर्मल रिॲक्टर होता. इंजिनातून निघालेला धूर त्यात पुन्हा जळायचा. १९८१ पासून त्याच्या जागी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पट्ट्यावर चालणारा एअर पंप धुरात ताजी हवा मिसळतो. त्या हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कन्व्हर्टरमधले प्लॅटिनमसारखे धातू कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि हायड्रोकार्बनचं पाणी व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. बॉनेटखाली दिसणारं व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ बरंचसं याच कामासाठी असतं.

किडनी काढली तर माणसाचं वजन कमी होईल, पण तो जोरात पळू लागणार नाही. या भागांचंही तसंच आहे. त्यांचं काम गाडी पळवण्याचं नाही, घाण साफ करण्याचं आहे.

रक्तात काय होतं?

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतं आणि शरीरभर पोहोचवतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे बसमधल्या सीटवर तो बसला की उठतच नाही. शिवाय, ज्या सीटवर ऑक्सिजन बसला आहे त्यालाही तो स्टॉपवर सहज उतरू देत नाही. मेंदू आणि हृदय यांना ऑक्सिजन सर्वांत जास्त लागतो, त्यामुळे त्रास तिथेच आधी होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर घटकांचा. गॅरेजच्या भिंतीतून आणि दाराच्या फटीतून घरात आलेला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही.

लक्षणं अगदी साधी असतात: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं. फ्लूसारखीच, पण ताप नाही. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होतो आणि घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं. या दोन गोष्टी दिसल्या की व्हायरल म्हणून सोडून देऊ नका. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, पोटातलं बाळ आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका जास्त.

आता त्या ९८ बद्दल. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि आपण त्याला न्यायाधीश मानू लागलो. हे यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडक दिसतं, म्हणून यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं. माणूस गुदमरत असतो आणि आकडा छान दिसतो. खरं प्रमाण कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते.

उपचार म्हणजे ऑक्सिजन. साध्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर साधारण एक-दीड तास.

उत्साही मंडळींचे मुद्दे

माझ्या भाच्याने केलं ते जगात अनेक शौकीन करतात. त्यांचे मुद्दे मी ऐकून घेतले. त्यातले काही खरे आहेत.

“ताकद वाढते.” जुना, चोंदलेला कन्व्हर्टर इंजिनाचा श्वास कोंडतो, हे खरं. पण त्यावर उपाय नवा कन्व्हर्टर बसवण्याचा आहे. एअर पंप काढून मिळणारी ताकद नगण्य असते. बॉनेटखाली सुटसुटीत दिसतं, एवढंच.

“वर्षाला हजार किलोमीटर चालणारी एक जुनी गाडी, तिने हवा किती बिघडणार?” शहराच्या हवेचा विचार केला, तर एका गाडीने फारसं बिघडत नाही. पण कार्बन मोनॉक्साइड आधी शहराला गाठत नाही. तो आधी गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाला आणि वरच्या खोलीत झोपलेल्या मुलाला गाठतो. कन्व्हर्टर नसलेल्या, जास्त पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाच्या धुरात तो काही टक्के असू शकतो. श्वासाच्या हवेत एक टक्का असला तरी माणूस काही मिनिटांत मरू शकतो. शिवाय अर्धवट जळलेल्या पेट्रोलात बेंझीन असतं. त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

“मूळ भाग मिळत नाहीत.” ही अडचण खरी आहे आणि मला तिच्याबद्दल सहानुभूती आहे. पण भाग मिळेपर्यंत गाडी उभी ठेवता येते.

“आमच्या राज्यात तपासणीच होत नाही.” मिशिगनमध्ये खरंच होत नाही. कॅलिफोर्नियात मात्र १९७६ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या जुन्या पेट्रोल गाड्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि हे भाग जागेवर आहेत की नाहीत तेही पाहतात. पण तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. रस्त्यावरच्या गाडीतले प्रदूषण रोखणारे भाग काढणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बेकायदेशीरच आहे.

हा कायदा कोणाच्या लहरीतून आलेला नाही. १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबणारं धुकं उतरलं. पुढे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. १९७० च्या कायद्याने धूर कमी करायला लावला आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर आले. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत गाडीच्या कार्बन मोनॉक्साइडने होणारे अपघाती मृत्यू दर दहा लाखांमागे वर्षाला चारवरून एकच्याही खाली आले. आम्ही डॉक्टरांनी कोणतंही नवीन औषध न शोधता एवढे जीव वाचले. माझ्या भाच्याने पाना घेऊन एका दुपारी आपलं घर १९७५ च्या मागे नेऊन ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. त्यामुळे सगळे भाग जागेवर असले, तरी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं धोक्याचंच आहे. दार अर्धं उघडं ठेवल्यानेही भागत नाही. भाचा नेमका इथेच फसला.

आपल्याकडे काय?

आरएक्स-७ आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसते. पण ‘फटाका’ सायलेन्सर बसवलेल्या बाइक गल्लोगल्ली आहेत. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, तेव्हा आपण फक्त आवाजाचा विचार करतो. आजच्या बाइकमध्ये कन्व्हर्टर धुराच्या पाइपमध्ये किंवा सायलेन्सरमध्येच बसवलेला असतो. अनेकदा आवाजाच्या हौसेपायी तोही भंगारात जातो. तो धूर सर्वांत आधी शटर अर्धं ओढून काम करणाऱ्या गॅरेजमधल्या पोराच्या छातीत जातो. डोकेदुखीच्या गोळ्या मागायला येणाऱ्या अशा मुलांना मी आता कामाची जागा कशी आहे, हे आवर्जून विचारतो.

मग काय करावं?

१. गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर कन्व्हर्टर आणि एअर पंप काढू नका. खराब झाले असतील तर बदला.

२. गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, दार उघडं असलं तरी. गाडी पूर्ण बाहेर काढा आणि धुराचं तोंड घराच्या दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा.

३. घराला लागून गॅरेज असेल, तर झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि त्याची बॅटरी तपासत राहा.

४. घरात अनेकांना एकदम डोकेदुखी, मळमळ सुरू झाली आणि ताप नसेल, तर आधी सगळे बाहेर पडा. कारण नंतर शोधा.

५. अशा वेळी ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. डॉक्टरांना “घरात धूर किंवा गॅस होता” हे स्पष्ट सांगा, म्हणजे योग्य तपासणी होईल.

भाच्याने गाडी विकली नाही. मीही विक म्हटलं नाही. माणसाला छंद हवा, तो तब्येतीलाही चांगला. त्याने भंगारातल्या दुसऱ्या एका आरएक्स-७ चा एअर पंप मिळवला, नवा कन्व्हर्टर बसवला आणि आता इंजिन चालू करायचं असेल तर गाडी अंगणात काढतो. परवा म्हणाला, “मामा, थंडीत कुडकुडत ट्यूनिंग करावं लागतं.” मी म्हटलं, “कुडकुड. त्याला माझ्याकडे औषध आहे.”

काळजी घ्या!

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. त्रास होत असेल तर आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.)