दरडावल्याने गोळी पोटात जात नाही

एचआयव्हीच्या औषधात खंड पडण्याचा विषय निघाला की दोन पक्ष हमखास उभे राहतात. पहिला म्हणतो, सरकार औषध फुकट देतं, दिवसाला एकच गोळी घ्यायची. तेवढंही ज्याला जमत नाही त्याला झापलंच पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, आता औषधं इतकी जबर आली आहेत की अधूनमधून गोळी राहिली तर काही बिघडत नाही. पहिला बहुधा टेबलामागच्या खुर्चीत सापडतो, दुसरा समोरच्या रांगेत. दोन्ही चुकीचे आहेत, पण पहिल्याची चूक जास्त महाग पडते. म्हणून आधी त्याचा समाचार घेऊ.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधीच मान्य करतो. हा विषाणू सुप्त पेशींमध्ये दडून बसतो आणि औषध थांबलं की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो. प्रतिकारशक्तीच्या सीडीफोर पेशी पुरेशा असताना औषधाला सुट्टी द्यावी का, हे पाहण्यासाठी साडेपाच हजारांच्या आसपास रुग्णांवर ‘स्मार्ट’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. सुट्टी घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू जास्त दिसले, म्हणून 2006 मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तेव्हा औषधाबद्दलची कडक भूमिका बरोबरच आहे. चुकतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष, की कडक बोललं म्हणजे औषध नियमित होतं.

प्रत्यक्षात काय होतं? औषध केंद्रातल्या महिन्याच्या भेटीत बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात. मागच्या वेळी चारचौघांत बोलणी खाल्लेला माणूस या वेळी येताना जास्तीच्या गोळ्या वाटेत फेकून येतो. ‘किती चुकल्या?’ ‘एकही नाही.’ कार्डावर शंभर टक्के लिहिलं जातं. पुढे व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या संख्येचा, अहवाल हजारांत आला की डॉक्टर कोड्यात पडतात: औषध नियमित, तरी विषाणू वाढलेला, म्हणजे औषध निकामी झालं का? आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे लोड हजारावर गेला की काही महिने जास्त समुपदेशन करून चाचणी पुन्हा करतात. तेही खोट्या उत्तरावर चाललं, तर मूळ औषध शाबूत असताना रुग्ण दुसऱ्या फळीच्या जास्त जड, जास्त महाग गोळ्यांवर जातो. धाकाने एवढंच साधतं की आपण गोळ्या मोजत नाही, भीती मोजत बसतो.

त्यात ‘95 टक्के गोळ्या घेतल्याच पाहिजेत’ हा आकडा. तो मुख्यतः 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासातून आला. त्या वेळची औषधं वेगळी होती; मूठभर गोळ्या, दिवसातून अनेकदा घ्यायच्या. ध्येय म्हणून तो आकडा आजही वाईट नाही. उंबरठा म्हणून मात्र घातक आहे, कारण महिन्यात चार गोळ्या चुकलेला माणूस हिशेब करतो, ‘आपण नापास’, आणि उरलेल्याही सोडून देतो.

शिवाय गोळी चुकते कशाने? आळसाने चुकणाऱ्या असतात, नाही असं नाही. पण एकत्र कुटुंबातली सून बाटली खडखडली तर सासूला कळेल म्हणून गोळी टाळते. नवरात्रात नऊ दिवस उपास, आणि ‘रिकाम्या पोटी गोळी घेऊ नये’ असं कुणीतरी सांगितलेलं. आज सर्रास मिळणारी टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी, उपाशीपोटीही चालते. हे एक वाक्य वेळेवर सांगितलं असतं तर नऊ दिवस वाचले असते. दारू प्यायलेल्या रात्री ‘दोन्ही एकत्र नको’ म्हणून गोळी वगळणारे आहेत. दारू नकोच, पण घेतली तरी गोळी घ्यायची, असं सांगायला समुपदेशकही कचरतात, जणू त्याने दारूला परवानगी दिल्यासारखं होईल! आणि 2022 मध्ये औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा एचआयव्हीसह जगणारी माणसं दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात आठवडेच्या आठवडे ठिय्या देऊन बसली होती. तेव्हा कुणाला झापायचं होतं?

आता दुसऱ्या पक्षाकडे. डोल्युटेग्राव्हिरविरुद्ध विषाणूत प्रतिकार सहसा तयार होत नाही, हे खरं. जुन्या एफाव्हिरेंझचं तसं नव्हतं. विषाणूत एक बदल झाला की ते औषध हातचं जात असे. म्हणून आज एखादी गोळी विसरली तर घाबरून जाण्याचं कारण नाही. पण महिन्यात विखुरलेल्या चार गोळ्या आणि सलग चार दिवसांचा खंड यांत फरक आहे, आणि ‘काही होत नाही’ म्हणणारा हा फरक करत नाही. शिवाय क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची मात्रा दिवसातून दोनदा लागते. तिथे ढिलाई परवडत नाही. आणि बाटलीच्या हिशेबात न दिसणारी चूकही असते. अॅसिडिटीची गोळी सोबतच घेतली, किंवा गरोदर बाईने लोह-कॅल्शियम उपाशीपोटी त्याच घोटाबरोबर गिळलं, तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलंच जात नाही. अॅसिडिटीच्या गोळीच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास हे अंतर ठेवावं. लोह-कॅल्शियम जेवणासोबत घेतलं तर एकत्र चालतं.

या पक्षाला आणखी एक गोष्ट ऐकवायला हवी. विषाणू दबलेला राहिला तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या संशोधनातल्या ‘एचपीटीएन 052’ या मोठ्या चाचणीत पुण्यातली जोडपीही होती. तो दिलासा रोजच्या गोळीवर उभा आहे.

मग करायचं काय? प्रश्न बदलायचा. ‘चुकली का?’ ऐवजी ‘गेल्या महिन्यात कुठले दिवस अवघड गेले?’ असं विचारलं की खरं उत्तर येण्याची शक्यता वाढते. चुकल्यावरचा नियम पहिल्याच दिवशी सांगायचा: आठवली की लगेच घ्या, पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर चुकलेली सोडा, दोन एकदम घेऊ नका, बरेच दिवस खंड पडला असेल तर लपवू नका, केंद्रावर या. कार्डावर चुकलेल्या गोळीशेजारी कारण लिहायचं, आणि ‘केंद्रात साठा नव्हता’ हेही त्या कारणांत धरायचं. रोजंदारी बुडवून दर महिन्याला रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून स्थिर रुग्णाला दोन-तीन महिन्यांचं औषध एकदम द्यायचं.

ऊसतोड मजुराच्या बाबतीत तर याहून आधी हलायला हवं. दसरा-दिवाळी उलटली की बीडमधून टोळ्या निघतात आणि पाच-सहा महिने फडात राहतात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावरून औषध घेण्याची सोय आहे, पण कोयता घेऊन निघालेल्या माणसाने ती स्वतःहून मागावी ही अपेक्षा चुकीची. मुकादमाची उचल घेतली का, यंदा कुठल्या कारखान्यावर जाणार, तिथून जवळचं केंद्र कोणतं, हे समुपदेशकाने भाद्रपदातच विचारून कागद तयार ठेवायला हवा.